हजार फुटांचं वर्तुळ : शाळेभोवतीच्या एका कायद्याचा इतिहास

पायथागोरसचा सिद्धान्त आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेला असतो. कर्णाचा वर्ग बरोबर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. परीक्षा संपली की तो आपण विसरून जातो. पण २००५ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात (तिथे त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात) याच सिद्धान्तावर एका माणसाची शिक्षा ठरली.

प्रकरण असं होतं. मॅनहॅटनमध्ये एट्थ अॅव्हेन्यू आणि ४० वा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर एकाला अमली पदार्थ विकल्याबद्दल पकडलं. जवळची शाळा ४३ व्या रस्त्यावर होती. कायदा सांगत होता की शाळेपासून १००० फुटांच्या आत विक्री केली तर गुन्हा जास्त गंभीर. मोजणीदाराने आकडे दिले: अॅव्हेन्यूवरून सरळ ७६४ फूट, मग वळून शाळेपर्यंत ४९० फूट. बेरीज केली तर १२५४ फूट, म्हणजे हद्दीच्या बाहेर. कर्ण काढला तर ९०७.६३ फूट, म्हणजे हद्दीच्या आत. आरोपीचं म्हणणं साधं होतं: मधे इमारती आहेत, माणूस भिंतींमधून चालत जात नाही. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. अंतर सरळ रेषेतच मोजायचं, असा निकाल दिला.

हा निकाल वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया साधारण दोनपैकी एक असते. 'बरोबर आहे, शाळेजवळ ड्रग्ज विकणाऱ्याला कसली दया?' किंवा 'काय हा कीस पाडणं!' संशोधनाच्या तयारीत असाल तर या दोन्ही प्रतिक्रिया थोडा वेळ बाजूला ठेवा. चांगला कायदा की वाईट कायदा, हा प्रश्न लगेच विचारला की अभ्यास तिथेच थांबतो. मला जास्त कामाचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. हा कायदा फुटांमध्ये अंतर मोजतो, पण त्या अंतरातून त्याला नेमकं काय मोजायचं होतं? आणि प्रत्यक्षात काय मोजलं गेलं?

सुरुवात : १९८४

अमेरिकेत केंद्रीय पातळीवर हा कायदा आला तो १९८४ साली, रोनाल्ड रेगन यांच्या काळात. फौजदारी कायद्यांत मोठे बदल करणारं एक भलंमोठं विधेयक त्या ऑक्टोबरात मंजूर झालं आणि त्यात हे छोटं कलम होतं. फ्लोरिडाच्या सिनेटर पॉला हॉकिन्स यांनी ते लावून धरलं होतं. प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत अमली पदार्थांचं वितरण केलं तर कमाल शिक्षा दुप्पट, हा त्याचा गाभा. 'स्कूलयार्ड लॉ' हे त्याचं रूढ झालेलं नाव.

यामागचा तर्क समजायला अजिबात अवघड नाही. शाळेच्या फाटकाशी उभा असलेला विक्रेता हे चित्र कुठल्याही आईवडिलांच्या पोटात गोळा आणणारं आहे. शाळेभोवती एक रिंगण आखायचं आणि सांगायचं की या रिंगणात आलास तर दुप्पट किंमत मोजशील. मग धंदा करणारा आपोआप रिंगणाबाहेर जाईल. थोडक्यात, हा कायदा शिक्षा देण्यासाठी जितका होता तितकाच विक्रेत्यांना शाळेपासून हुसकून लावण्यासाठी होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांनी वातावरण आणखी तापलं. क्रॅक कोकेन शहराशहरांत पसरत होतं. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू, बोस्टन सेल्टिक्सने निवड केल्यानंतर अवघ्या दोन दिवसांत, कोकेनमुळे मरण पावला. देश हादरला. त्याच ऑक्टोबरात काँग्रेसने अमली पदार्थविरोधी मोठा कायदा केला. त्यात शाळेच्या रिंगणाचं कलमही रुंदावलं: महाविद्यालयं आणि विद्यापीठं आत आली, नुसत्या विक्रीबरोबर उत्पादनही आलं, आणि किमान एक वर्ष कैदेची तरतूद आली. १९८८ मध्ये खेळाची मैदानं आली. पोहण्याचे तलाव, युवक केंद्रं आणि व्हिडिओ गेम्सची दुकानं यांच्याभोवतीही १०० फुटांचं रिंगण आखलं गेलं. प्रत्येक भर सुटी पाहिली तर समजण्यासारखी आहे. मुलं जिथे जातात तिथे संरक्षण, याला विरोध कोण करणार?

'मला माहीतच नव्हतं'

कायदा लागू झाल्यावर लगेचच न्यायालयांत एक बचाव येऊ लागला: तिथे शाळा आहे हे मला माहीत नव्हतं. १९८५ साली न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय अपील न्यायालयाने 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध फालू' या खटल्यात तो फेटाळला. आरोपीला शाळेचं अंतर माहीत होतं हे सिद्ध करायची गरज नाही. शाळा कुठे आहेत हे शोधून तिथून दूर राहण्याची जबाबदारी धंदा करणाऱ्याचीच, असं न्यायालयाचं म्हणणं.

इथे थोडं थांबू. संशोधनात न्यायालयीन निकाल वाचताना 'कोण जिंकलं' एवढंच टिपून पुढे जायची सवय अनेकांना असते. निकालाने प्रश्नाचा आकार कसा बदलला, हे बघायला हवं. फालूच्या निकालानंतर आरोपीच्या मनात काय होतं, हा मुद्दा शिक्षेच्या वाढीपुरता संपला. शाळा चालू होती की रविवार होता, रात्रीचे दोन वाजले होते की मधली सुट्टी, घेणारा मुलगा होता की पन्नाशीचा गृहस्थ, यातल्या कशाचीच कायद्याला गरज नव्हती. उरला फक्त फुटांचा आकडा. म्हणजे मुलांना धोका आहे का, हा मूळ प्रश्न होता आणि त्याच्या जागी अंतर किती, हा प्रश्न येऊन बसला. संशोधनाच्या भाषेत, जे मोजणं अवघड होतं त्याच्याऐवजी जे मोजणं सोपं होतं ते धरलं गेलं. असा निर्देशक वापरण्यात मुळात चूक नाही, आपण सगळेच वापरतो. तो मूळ गोष्टीपासून किती दूर सरकलाय हे कोणी तपासत नाही, तिथे घोळ होतो.

राज्यं पुढे सरसावतात

अमेरिकेत बहुसंख्य फौजदारी खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात, त्यामुळे खरा परिणाम राज्यांच्या कायद्यांचा झाला. न्यू जर्सीचा कायदा १९८७ मध्ये लागू झाला: शाळेच्या मालमत्तेपासून १००० फूट आणि पॅरोलशिवाय किमान तीन वर्षं (एक औंसापेक्षा कमी गांजासाठी एक वर्ष). मॅसॅच्युसेट्समध्ये १९८९ ला कायदा आला, किमान दोन वर्षांचा. कनेक्टिकटने १९९२ मध्ये अंतर १५०० फुटांवर नेलं. अलाबामात तर फूट सोडून मैलच आले, शाळेपासून तीन मैल! पुढे सगळ्याच राज्यांत या ना त्या रूपात असं रिंगण आलं.

'किमान' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. किमान अनिवार्य शिक्षा म्हणजे न्यायाधीशाला वाटलं तरी त्याखाली जाता येत नाही. मग निर्णयाची ताकद जाते कुठे? सरकारी वकिलाकडे. अमेरिकेतले बहुतेक खटले सुनावणीपर्यंत जातच नाहीत, आरोपी गुन्हा कबूल करतो आणि बदल्यात आरोप हलके होतात. रिंगणाचं कलम लावलं की तीन वर्षं ठरलेली आणि कबुली दिलीस तर ते कलम काढू. असा पत्ता हातात असला की सौदा कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला नको. न्यू जर्सीत जिल्ह्याजिल्ह्यांत हे सौदे वेगवेगळ्या पद्धतीने व्हायचे, म्हणून १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर एकसारखी मार्गदर्शक तत्त्वं हवीत असं सांगितलं. नियम एकसारखा झाला, पण जमीन एकसारखी नव्हती. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

कागद आणि कंपास घ्या

१००० फूट म्हणजे साधारण ३०५ मीटर. या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ येतं जवळपास ७२ एकर. पण कायदा अंतर मोजतो शाळेच्या आवाराच्या हद्दीपासून. समजा आवार ५०० फूट लांब आणि ५०० फूट रुंद आहे. मग एका शाळेचं रिंगण होतं सुमारे १२४ एकर. आता शहरात अशा पन्नास शाळा ठेवा, त्यात बागा, सरकारी घरकुलं, पाळणाघरं यांची रिंगणं मिसळा (अनेक राज्यांनी ती जोडली). वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि पाहता पाहता शहराचा नकाशा भरून जातो. अलाबामाच्या तीन मैलांचं गणित केलं तर एका शाळेभोवती २८ चौरस मैलांहून जास्त जागा येते. छोटं गाव असेल तर ते आख्खंच आत.

कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहराचा नकाशा या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध पुरावा आहे. रिंगणं आखल्यावर जवळपास सगळं शहर झाकलं गेलं. बाहेर काय राहिलं? येल विद्यापीठाचं गोल्फ मैदान, विमानतळाची धावपट्टी आणि नदीकाठची दलदल.

आता मघाचं वाक्य आठवा. कायद्याला विक्रेत्यांना शाळेपासून हुसकायचं होतं. पण जिथे सगळं शहरच शाळेजवळ आहे, तिथे तो हुसकणार कुठे? रिंगणाला 'बाहेर' असेल तरच त्याचा धाक चालतो. 'बाहेर' संपलं की उरते ती शहरात राहिल्याबद्दलची जास्तीची शिक्षा. त्याच राज्याच्या ग्रामीण भागात तोच गुन्हा, तेवढाच माल, तसाच गिऱ्हाईक, पण शाळा दोन मैल दूर. तिथे तीन वर्षांची सक्ती नाही.

पुरावा काय सांगतो

नकाशावरून शंका येते. ती सिद्ध करायला खटल्यांच्या फायली उघडाव्या लागतात. हे किचकट काम काही लोकांनी केलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम ब्राउन्सबर्गर यांनी २००१ साली फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड आणि स्प्रिंगफील्ड या तीन शहरांतल्या ४४३ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः सरकारी वकील म्हणून काम केलेला हा माणूस, म्हणजे गुन्हेगारांचा कैवारी म्हणून झटकून टाकता येणार नाही असा. त्यांना काय दिसलं? ८० टक्के प्रकरणं रिंगणाच्या आत घडली होती. पण त्यात अल्पवयीन मुलांना विक्री झाल्याची प्रकरणं १ टक्क्याहूनही कमी होती. आणि ७१ टक्के घटना शाळा भरलेली नसताना घडल्या होत्या.

इथे एक सापळा आहे. ८० टक्के आत, हा आकडा नुसता वाचला तर वाटेल, 'बघा, विक्रेते शाळांभोवतीच घोटाळतात.' पण टक्केवारी दिसली की आधी छेद विचारायचा. शहराचा किती भाग रिंगणात आहे? धंदा जिथे चालतो त्या गरीब, दाट वस्त्यांचा किती भाग रिंगणात आहे? दाट वस्तीत माणसं दाट, मुलं दाट, म्हणून शाळाही दाट. विक्रेता तिथे राहतो म्हणून तिथे विकतो. शाळा तिथे आहे म्हणून तो आलेला नसतो. ब्राउन्सबर्गर यांच्या अभ्यासाचा जोर याच मुद्द्यावर होता.

कनेक्टिकटमध्ये ३०० प्रकरणांचा नमुना तपासला गेला. त्यातल्या फक्त तीन प्रकरणांत विद्यार्थी होते, आणि प्रौढाने मुलांना ड्रग्ज विकल्याचं एकही प्रकरण नव्हतं.

न्यू जर्सीत तर सरकारनेच नेमलेल्या शिक्षा पुनर्विलोकन आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला. नेवार्क शहराचा ७६ टक्के भाग रिंगणात होता. कॅम्डन आणि जर्सी सिटी निम्म्याहून जास्त. आणि मॅन्सफील्ड या ग्रामीण टाउनशिपचा फक्त ६ टक्के. या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. राज्याच्या लोकसंख्येत हे दोन्ही गट मिळून साधारण चौथा हिस्सा होते.

९६ टक्के! हा आकडा इतका बोलका आहे की तो स्वतःच निष्कर्ष वाटतो. तसं करू नका. हा आकडा 'काय झालं' ते सांगतो, 'का झालं' ते सांगत नाही. त्यात नकाशा आहे, पोलिसांची गस्त कुठे जास्त असते ते आहे, सरकारी वकील कोणाशी कसा सौदा करतो ते आहे, आणि कोणाकडे चांगला वकील असतो तेही आहे. कायद्याच्या मजकुरात वंशाचा एक शब्दही नाही. तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. पण अमेरिकन शहरांत कोण दाट वस्तीत राहतं आणि कोण मोकळ्या उपनगरात, याला घरांच्या आणि कर्जांच्या भेदभावाचा मोठा इतिहास आहे. कंपासने काढलेलं वर्तुळ निःपक्षपाती असतं, पण ज्या जमिनीवर ते काढलं ती निःपक्षपाती नव्हती.

दुसऱ्या टोकाचा सोपा निष्कर्षही टाळा, की हे सगळं कोणीतरी ठरवून केलं. जेम्स फोर्मन ज्युनियर यांचं 'लॉकिंग अप अवर ओन' हे २०१७ चं पुस्तक वॉशिंग्टन डीसीबद्दल आहे. त्या काळात अनेक कृष्णवर्णीय नेते आणि रहिवासीही कडक कायदे मागत होते, हे त्यांनी दाखवलं. आपल्या गल्लीत गोळीबार ऐकणाऱ्या माणसाची ती मागणी खरी होती. चांगल्या हेतूच्या माणसांनी मागितलेली गोष्ट वाईट कशी फिरते, हे समजून घेणं खलनायक शोधण्यापेक्षा अवघड आहे. पण इतिहासाचं काम तेच आहे.

वर्तुळ आकसतं

न्यू जर्सीच्या आयोगाने अंतर २०० फुटांवर आणा असं सुचवलं. विधिमंडळाने वेगळी वाट घेतली. जानेवारी २०१० मध्ये जो बदल झाला त्यात अंतर तेवढंच राहिलं, पण किमान शिक्षा माफ करायची किंवा कमी करायची मुभा न्यायाधीशांना मिळाली. न्यायाधीशांनी काय बघायचं? आरोपीचा पूर्वेतिहास, नेमकी जागा आणि शाळेपासूनचं अंतर, मुलांच्या नजरेला पडण्याची शक्यता, शाळा तेव्हा चालू होती का, मुलं आसपास होती का. ही यादी पुन्हा एकदा वाचा. १९८५ नंतर फुटांच्या आकड्याने जे जे प्रश्न बाहेर काढले होते, ते सगळे पंचवीस वर्षांनी परत आत आले.

मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये अंतर १००० वरून ३०० फुटांवर आणलं आणि वेळही घातली: पहाटे ५ ते मध्यरात्र. ब्राउन्सबर्गर तोवर त्या राज्यात सिनेटर झाले होते. आपल्या ५०० फुटी चौरस आवाराचं गणित पुन्हा करा. १२४ एकरांचं रिंगण २६ एकरांवर येतं. अंतर तिसऱ्या हिश्श्याहून कमी झालं, जागा पाचव्या हिश्श्याच्या आसपास. इंडियानाने २०१३ मध्ये ५०० फूट केले आणि तिथे मूल असण्याची रास्त शक्यता हवी अशी अट घातली. केंटकीत आधी १००० यार्ड होते, २०११ मध्ये १००० फूट झाले.

रिंगण लहान करणं म्हणजे मुलांचं संरक्षण कमी करणं, असा आक्षेप प्रत्येक वेळी आला. भूमितीचं उत्तर उलट आहे. रिंगण लहान असेल तरच शाळेजवळची जागा बाकीच्या शहरापेक्षा वेगळी राहते, आणि तरच धंदा करणाऱ्याला तिथून हटण्याचं कारण मिळतं.

आपल्याकडे

याच सुमाराचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा १९८८ चा करार आहे. शैक्षणिक संस्थेत, किंवा तिच्या अगदी लगतच्या परिसरात, किंवा विद्यार्थी खेळायला-शिकायला जिथे जमतात तिथे गुन्हा घडला तर न्यायालयाने ते गांभीर्य वाढवणारं मानावं, असं त्यात म्हटलंय. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२ ब आलं. त्यातले शब्द जवळजवळ तेच आहेत. किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देताना न्यायालयाने विचारात घ्यायच्या बाबींपैकी ही एक. लक्षात घ्या, इथे फूट नाहीत की मीटर नाहीत. 'लगतचा परिसर' म्हणजे किती, हे न्यायाधीशाने ठरवायचं. यात नकाशा भरून जाण्याचा धोका नाही, पण एका न्यायालयात लगतचं ते दुसऱ्यात दूरचं, हा धोका आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कर्णाचा आधार घेतला तो हीच अनिश्चितता टाळायला.

आकड्याचं रिंगण आपल्याकडे आहे ते तंबाखूला. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखू विकायला बंदी केली. शाळेच्या भिंतीवर तो फलक तुम्ही पाहिलाच असेल. १०० यार्ड म्हणजे ३०० फूट, म्हणजे मॅसॅच्युसेट्स बऱ्याच ठेचा खाऊन जिथे पोचलं बरोबर तेवढेच. मोजायचंही कुंपणापासून सरळ त्रिज्येतच. दंड मात्र २०० रुपयांपर्यंत. त्यामुळे चुकीच्या रिंगणाची किंमत अमेरिकेत वर्षांत मोजली गेली, आपल्याकडे फार तर पानटपरीवाल्याच्या गल्ल्यातून.

संशोधनाचा सराव म्हणून एक काम करा. आपल्या गावाचा किंवा वॉर्डाचा नकाशा घ्या. त्यावर प्रत्येक शाळेचं आवार आखा आणि त्याभोवती आधी ३०० फुटांचं, मग १००० फुटांचं रिंगण काढा. बाहेर किती जागा उरते ते बघा. मग त्या उरलेल्या जागेत कोण राहतं ते लिहून काढा. कायद्याचा मजकूर कितीही वेळा वाचला तरी या यादीतली नावं त्यात सापडणार नाहीत.